परसाकडची वाट

"हलो, ऐकू येतंय ना?"

हाताच्या अंतरावर उभ्या असल्या तरी अक्का बोलायला सुरुवात अशीच करायच्या. उजवा हात आपोआप कानाकडे जायचा, तिथे नसलेला हेडफोन सारखा करायचा, आणि मग जो आवाज निघायचा तो तळ्यापलीकडच्या म्हशींनाही ऐकू जायचा. उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. ट्रंक कॉलच्या जमान्यात हुबळीच्या माणसाला मंगळूरशी जोडून द्यायचं तर घसा खणखणीतच हवा. नोकरी संपली, एक्स्चेंजमधली ती यंत्रं भंगारात गेली, आवाज तेवढा शिल्लक राहिला.

आता असा आवाज घेऊन माणसानं भजनी मंडळात जावं, भाजीबाजारात जावं. अक्का आल्या पक्षी बघायला!

बेंगळुरूतल्या मराठी माणसांचा आमचा एक गट आहे. रविवारी पहाटे देवनहळ्ळीच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या तळ्यावर जायचं, काठाकाठानं चालायचं, पक्षी बघायचे आणि घरी येऊन झोपायचं, असा आमचा कार्यक्रम. बहुतेक सगळे पोटापाण्यासाठी इथं आलेले. मीही पुण्याची, एका सरकारी संशोधन संस्थेतली नोकरी आणि येलहंकाचा फ्लॅट यांत इथलीच होऊन गेलेली. अक्का मात्र मुळातच इथल्या. शिवाजीनगरच्या एका गल्लीत त्यांच्या घराण्याचं शिवणकामाचं दुकान. "तुम्ही लोक काल विमानातनं उतरलात गं. आमची माणसं घोड्यावरनं आली, तीनशे-चारशे वर्षं झाली," असं येताजाता सुनवायच्या. त्यांची मराठी माझ्या आजीच्या मराठीपेक्षा जुनी, आणि तिच्यात कानडी अशी मिसळलेली की निवडून काढता यायची नाही. पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "येत्या आयतवारी केरे बघायला येतेस?" मी चाट पडले. केर बघायला कुणी कुणाला बोलावतं का? कानडीत तळ्याला केरे म्हणतात हे मला तेव्हा कुठलं माहीत असायला! तळं बघितल्यावर मात्र, खोटं कशाला बोलू, केरही भरपूर होता.

पण तळ्याच्या मधोमध एक बेट आहे. त्यावर बाभळींची गर्दी, आणि हिवाळा आला की त्या बाभळींवर पेलिकनची वसाहत. पेलिकन म्हणजे आपले झोळीवाले. चोचीखाली ही एवढी पिशवी लोंबत असते. बंधाऱ्यावरून ते कापसाच्या बोळ्यांएवढे दिसायचे, तरी आम्ही दुर्बिणी लावून तासन्‌तास बघायचो.

गटातला केदार हा तिशी ओलांडलेला सॉफ्टवेअरवाला. हातभर लांबीची लेन्स. एकदा खंड्याच्या फोटोसाठी श्वास रोखून तो चिखलात बसला होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "हलो, केदारप्पा! तुझ्या डोक्यावरच्या फांदीवर बसलाय बघ रे!" खंड्या गेलाच, त्याच्याबरोबर आजूबाजूचे दहाबारा बगळेही गेले. केदारनं कोपरापासून हात जोडले. "अक्का, प्लीज, जरा कुजबुजा ना."

"नाही येत मला ते. आमच्या खात्यात कुजबुजायची परवानगीच नव्हती," अक्का म्हणाल्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

या बाईंची एक सवय माझ्या लवकरच लक्षात आली. त्या तळ्यावर पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. थर्मास उघडला की "नको गं, घरी जाऊन पिईन." बिस्किटसुद्धा नको, कारण त्यानं तहान लागते. आणि नऊ वाजायच्या सुमारास, कितीही बहारीचा पक्षी समोर असो, छत्री उचलून बसथांब्याकडे पळत सुटायच्या.

बायकांना हे समजावून सांगायला नको. पुरुष वाचकांनी थोडा विचार करावा. तळ्याच्या आसपास आडोसा म्हणून नव्हता. पूर्वीची शेतं जाऊन तिथे घरांच्या प्लॉटांचे लेआउट पडलेले, चारी बाजूंनी कुंपणं, आणि रस्त्यावरून टॅक्स्या विमानतळाकडे धावणार. पुरुष मंडळी पाठ फिरवून मोकळी होत. आम्ही बायका आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचो. अक्कांना तर साखरेचा आजार, त्यात वय. त्यांच्या सगळ्या पक्षिनिरीक्षणाला ही अशी कात्री लागलेली.

आणि त्यांना बघायची होती संध्याकाळ. हे त्यांनी मला अगदी सुरुवातीलाच सांगितलं होतं. "सकाळी ही झोळीवाली उडून जाताना बघते गं नेहमी. एकदा घरी परत येताना बघायचीत. एवढी थोराड अंगं घेऊन त्या काटक्यांवर उतरतात तरी कशी?" मी म्हटलं, मग दुपारी येऊ की आपण. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. संध्याकाळी हेब्बाळच्या ट्रॅफिकमधून शिवाजीनगर गाठायचं म्हणजे बसमध्येच दोन तास, आणि त्याआधी तळ्यावर अंधार पडेपर्यंत थांबायचं. "तोवर मी काय करू? गाठ मारू?" त्या म्हणाल्या, आणि पुढचे दोन बगळे उडाले.

मग एके वर्षी पंचायतीला तळ्यासाठी निधी आला. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी सोयी करायच्या होत्या. फिरायला वाट, बसायला बाक, माहितीचे फलक. तुम्ही शिकलेले लोक आहात, तुम्हीच सूचना लिहून द्या, असं पंचायतीच्या अध्यक्षांनी आम्हाला सांगितलं. आमच्या अंगावर मूठभर मांस चढलं. लगेच एका घरी बैठक ठरली. मी तेव्हा भाचीच्या लग्नाला नागपूरला गेले होते, त्यामुळे पुढचा प्रसंग मी दोन्ही बाजूंकडून ऐकलेला आहे.

केदार लॅपटॉप घेऊन बसला होता. कुणी म्हणालं मनोरा हवा, कुणी म्हणालं सेल्फीसाठी जागा हवी. बाकीच्या बायका आत पोह्यांच्या बशा भरत होत्या. अक्का उठल्या, केदारच्या खुर्चीमागे गेल्या, पदर सारखा केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलल्या. म्हणाल्या, "बायकांना परसाकडं जायची सोय कर म्हणावं."

नेमकं इथंच मोठ्यानं बोलायचं होतं हो! पण सभेत, पुरुषांच्या देखत, तो शब्द उच्चारायचा त्यांना संकोच वाटला. म्हणून जुना, पदर घेतलेला शब्द वापरला. तरुण वाचकांसाठी सांगते, पूर्वी घरामागच्या परसात संडास असायचा, म्हणून परसाकडे जाणे म्हणजे संडासला जाणे. केदार पुण्यातल्या चौथ्या मजल्यावर वाढलेला. त्यानं परस बघितलेलं नाही. पण मुलगा कामाला चोख. लगेच फोनवर शब्दकोश उघडला. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. आणि टाइप केलं: लेडीज ॲक्सेस टू रिअर साइड. महिलांना मागील बाजूस जाण्यासाठी मार्ग.

ती फाइल आमच्या व्हॉट्सॲप गटावर आली. सगळ्यांनी अंगठे दाखवले. वाचली कुणीच नाही. पंचायतीनं मात्र वाचली, आणि ज्या तत्परतेनं आपल्याकडे कधी कामं होत नाहीत त्या तत्परतेनं ते काम केलं.

थंडीत आम्ही गेलो तेव्हा मुख्य वाटेवरून एक फाटा नवा फुटलेला. छान फरशी, हाताला धरायला कठडा, आणि कमानीवर कानडी-इंग्रजीत पाटी: फक्त महिलांसाठी. अक्कांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "केलं गं! बघ, केलं त्यांनी!" छत्री माझ्या हातात देऊन त्या निघाल्यासुद्धा. लांबलचक वाट, तळ्याला वळसा घालून थेट मागच्या बाजूला जाणारी. मी मागून चालत होते. वाट संपली तशा त्या थबकल्या. आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, मग झुडपामागे जाऊन आल्या.

"अगं, इथं तर नुसता बाक आहे!"

मागून केदार धापा टाकत आला. कमानीपाशी परवानगी मागून आला होता बिचारा. "अक्का, बघितलंत? तुमचीच सूचना! रिअर साइड!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि मी तिथंच बाकावर बसून पोट धरधरून हसले. केदारला अर्थ सांगितला तेव्हा त्याचे कान लाल झाले. "सॉरी अक्का, सॉरी, मला खरंच..." अक्काही हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या, आणि मग पदरानं डोळे पुसले. "सगळं सिमेंट या वाटेत गेलं रे," एवढंच म्हणाल्या.

आणि तेव्हा कुठे आमचं समोर लक्ष गेलं. या बाजूनं बेट अगदी जवळ होतं. कापसाचे बोळे म्हणून ज्यांना आम्ही बघत होतो, ते पेलिकन पिसांसकट, डोळ्यांसकट समोर बसले होते. एक पिल्लू आईच्या चोचीत मानेपर्यंत घुसून मासा शोधत होतं. या बाजूला याआधी कुणी फिरकलंच नव्हतं. पक्षी बघायला सगळ्या तळ्यावर यापेक्षा चांगली जागा नव्हती, आणि ती चुकून सापडली होती.

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाल्या, "दिसतंय झकास. पण बसू कशी?" आणि थोड्या वेळानं छत्री उचलून बसथांब्याकडे पळाल्या.

ती पाटी कुणी काढली नाही. त्यामुळे लांब लेन्सवाले कमानीपाशी ताटकळत आणि चारा कापून परतणाऱ्या गावातल्या बायका बाकावर पाय पसरून बसत. अक्कांची त्यांच्याशी गट्टी जमली. गौरम्मा नावाची एक होती, तिची आणि अक्कांची तर सासरमाहेरच्या गप्पांपर्यंत मजल गेली. एखादा पुरुष आगाऊपणानं आत आलाच तर अक्का कानाला हात लावून विचारायच्या, "हलो, तू लेडीज आहेस का?"

पण ही जागाच त्यांना भोवली. इतकं जवळून दिसायला लागल्यावर उठवेना. पिल्लं मोठी होत होती, उन्हं तापायला लागली होती, आणि पाणी न पिण्याचा नेम तसाच. मार्चमध्ये एका रविवारी त्या बाकावरून उठल्या आणि सरळ खाली कोसळल्या. गौरम्मानं तोंडावर पाणी मारलं, आम्ही देवनहळ्ळीच्या दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. डॉक्टर वयानं लहान, पण त्यांनी आम्हा सगळ्यांना फैलावर घेतलं. मूत्रपिंडाला इजा झालेली. दिवसभर पाणी प्यायलंच पाहिजे. अक्कांचा मुलगा आला, त्यानं हात जोडून मला सांगितलं, "ताई, आता तळं बंद. मला आई हवी आहे." त्याचं बरोबर होतं.

मी शिवाजीनगरला भेटायला गेले. खाली शिवणयंत्रांची खडखड, वर माडीवर अक्का खिडकीत बसलेल्या. हलो नाही की काही नाही. खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "एक संडास नाही म्हणून माझं तळं सुटलं गं. उभा जन्म मी दुसऱ्यांचं बोलणं या टोकापासून त्या टोकाला पोचवलं. माझं एक वाक्य काही पोचलं नाही."

"मग परत लावा की कॉल," मी म्हटलं. सहज बोलून गेले. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

पुढच्या ग्रामसभेला आम्ही टॅक्सी करून गेलो. मुलाला देवळात जातो म्हणून सांगितलं होतं. शाळेच्या पडवीत सभा भरलेली. पुढे खुर्च्यांवर पुरुष, मागे खाली बायका. अध्यक्ष मनोऱ्याबद्दल वाचत होते. मनोऱ्यावरून विमानंही दिसतील, असं त्यांचं म्हणणं. अक्का भिंतीला धरून उभ्या राहिल्या. उजवा हात कानाकडे गेला.

"हलो! ऐकू येतंय ना?" त्यांनी कानडीत विचारलं, आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाल्या, "शौचालय बेकु!" हवं, हवंच. बायकांसाठी हवं. पाणी असलेलं हवं. दाराला आतून कडी हवी.

पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"कोण हसलं ते?" अक्का म्हणाल्या. "तुझी आई कुठं जाते रे? विचारलंयस कधी तिला?"

अध्यक्ष गडबडले. म्हणाले, अम्मा, आधी मनोरा, मग पुढच्या निधीत बघू. तेव्हा मागून गौरम्मा उठली. शहरातल्या बाईला एका दिवसाचं पडलंय, आम्ही रोज अंधार पडायची वाट बघतो, असं ती म्हणाली. मग दुसरी उठली, तिसरी उठली. इतक्या बायकांना एकदम बोलताना त्या पडवीनं कधी ऐकलं नसणार. मनोरा पुढं ढकलला गेला. परतताना टॅक्सीत मी अक्कांचे हात घट्ट धरून ठेवले.

संडासाचा आराखडा केदारनं स्वतः काढला. दर दोन दिवसांनी अक्कांना फोन. "अक्का, फळी म्हणजे नक्की कुठली? पिशवी ठेवायची ना?" त्यानं एकही शब्द पुन्हा शब्दकोशात शोधला नाही. दोन खोल्या, नळ, उंचावर खिडकी, कडी, आणि दुर्बीण अडकवायला खुंटी. जागा अर्थातच त्या वाटेच्या टोकाला, बाकापासून जराशी मागे. फरशी आधीच घातलेली होती ना!

पुढच्या थंडीत उद्घाटन ठेवलं. तालुक्याचे एक अधिकारी आले, नारळ आला, लाल फीत आली. मुलगाही आईला घेऊन आला होता, आणि आता तिच्याकडे जरा बिचकूनच बघत होता. भाषणं झाली. अधिकाऱ्यांनी कात्री हातात घेतली आणि दार ढकललं, तर ते आतून बंद.

"कोण आहे आत?"

"हलो! मी आहे. स्वल्प थांबा!"

फितीखालून वाकून त्या कधी आत गेल्या कुणालाच कळलं नव्हतं. अधिकारी कात्री धरून उभे, अध्यक्ष आभाळाकडे बघताहेत, गौरम्मा आणि मंडळी पदर तोंडात कोंबून हसताहेत. नळाचा आवाज आला. दार उघडलं. अक्का पदराला हात पुशीत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सरी. पाणी येतंय. आता कापा."

त्या दिवशी त्या मनसोक्त पाणी प्यायल्या. आधी उद्घाटनाच्या नारळाचं, मग माझ्या बाटलीतलं, मग गौरम्माच्या घरचं ताक, मग दोन कप चहा. दुपारी सगळे पांगले तरी आम्ही थांबलो. ऊन उतरलं. विमानतळाच्या बाजूनं पहिले चार झोळीवाले दिसले, पंख न हलवता, एका रांगेत. मग आणखी, मग आणखीच. प्रत्येक जण बेटावर एक घिरटी घालायचा, पाय पुढे काढायचा आणि धप्पकन फांदीवर बसायचा. फांदी पार पाण्यापर्यंत वाकायची, शेजारचा चिडून चोच वाजवायचा, आणि मग सगळं सामसूम. अक्का टाळ्या पिटत होत्या. "अय्यो, बघ, बघ! आपटलं बघ ते! आला गं, हाही आला!" केदार शेजारीच उभा होता, पण त्यांना हळू बोला म्हणायची कुणाचीच छाती झाली नाही, आणि पक्षीही उडाले नाहीत. घरी यायच्या घाईत ते कशाला उडतात? अंधार पडला तेव्हा अक्कांचा चेहरा ओला होता, आणि माझाही.

नंतर त्या पाचसहा वेळा आल्या असतील. मग पावसाळ्यात मूत्रपिंडांनी त्रास द्यायला सुरुवात केली. पाणी आता डॉक्टर मोजूनच द्यायचे, त्यावर त्यांनी मला फोनवर शिव्या घातल्या, डॉक्टरांना आणि नशिबालाही. गौरी यायच्या आधीच त्या गेल्या. मला त्यांची फार आठवण येते. तळ्यावर आता शांतता असते, पक्षी जवळ येतात, केदारला फोटो छान मिळतात, आणि मला ती शांतता सहन होत नाही.

परवाच्या रविवारी पुण्याहून दोघी जणी आल्या होत्या, मायलेकी. सकाळपासून बाकावर होत्या. मुलीनं आईच्या कानात काही सांगितलं, आई उठून गौरम्माला विचारायला गेली. गावातल्या बायका आता शौचालय म्हणत नाहीत. त्या म्हणतात, अक्का मने. अक्काचं घर. गौरम्मानं मोडक्या हिंदीत तेच सांगितलं आणि हातानं दाखवलं.

दोघी जाऊन आल्या. मी मराठी बोलते आहे हे ऐकून आई माझ्यापाशी आली, जरा संकोचूनच.

"अहो, त्या बाईंनी आम्हाला अक्कांकडे जा म्हणून सांगितलं. पण विचारायला तिथं कुणी नव्हतं, म्हणून आम्ही तशाच आत गेलो. फार स्वच्छ ठेवलंय हो. त्या अक्का भेटल्या तर आमचा निरोप द्याल का?"

"देते," मी म्हटलं.